लिनक्स लॅपटॉपवर नेटशिवाय रस्ता आखायला काय वापरता? (टेम्पोच्या लाईनसाठी)

रबाळे_गोदाम | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं गोदाम आहे. बेकरीवाल्यांना मैदा, यीस्ट, मार्गारीन, केकची खोकी असा माल पुरवतो. दोन छोटे हत्ती आणि एक १४ फुटी आयशर. ठाणे-कळवा-मुंब्रा ही रोजची लाईन. कल्याण-मुरबाड-ओतूर आठवड्यातून दोनदा, कर्जत-खोपोली एकदा, महाड-पोलादपूर महिन्यातून दोनदा.

ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलंय. ८ जीबी रॅम आहे. बिलं, स्टॉक सगळं त्याच्यावर चालतं आणि छान चालतं, त्यामुळे ते बदलायचं नाही.

गेल्या महिन्यात ओतूर लाईनला आयशर गेला. टोकावड्याच्या पुढे ड्रायव्हरच्या फोनची रेंज गेली. माळशेज घाट चढून पलीकडे एका आतल्या गावात नवीन बेकरी होती, तिचा पत्ता फोनमध्ये, पण नकाशा काही उघडेना. विचारत विचारत तो तासभर भलत्याच रस्त्याला फिरला. बेकरी सापडली तेव्हा मार्गारीन मऊ पडलं होतं. माल परत आला, आणि पहिल्याच फेरीला गिऱ्हाईक नाराज झालं. त्या माणसाची काही चूक नव्हती. रात्री घरी येऊन तो जेवला नाही, हे त्याच्या बायकोने मला सांगितलं.

म्हणून विचारते. नेट नसताना लॅपटॉपवर पूर्ण रस्ता दाखवेल असं काही आहे का? एका फेरीत १५ ते २० थांबे असतात, त्यांचा क्रम लावून मिळेल का? आणि आयशरला जिथे बंदी आहे किंवा जिथे उंची पुरत नाही, ते रस्ते त्याला टाळता येतात का? पैसे द्यायला हरकत नाही, पण दर महिन्याचं भाडं नको.

ऐरोलीचा_अनि | शनिवार, रात्री ९:५२

ताई, फोनमध्येच नकाशा आधी उतरवून ठेवता येतो की. लॅपटॉप कशाला?

रबाळे_गोदाम | शनिवार, रात्री १०:०५

फोन ड्रायव्हरचा स्वतःचा आहे, त्याच्यावर गिऱ्हाइकांचे फोन चालू असतात. दुपारी काचेपाशी ठेवला की तापून बंद पडतो. आणि सकाळी ७ वाजता बिलं फाडताना क्रम लावायचा असतो तो लॅपटॉपवर. मोठ्या पडद्यावर अख्खी लाईन एकदम दिसली की आम्ही तिघं उभे राहून बोलू शकतो. लांबच्या लाईनला लॅपटॉप क्लीनरच्या मांडीवर जातो.

सानपाडा_सुहास | शनिवार, रात्री १०:२०

वाचतोय. मलाही हवंय.

पेंग्विनदादा | रविवार, सकाळी ८:१५

ताई, हा शोध मी स्वतः दोन वर्षांपूर्वी घेतला होता. तेव्हा जे हाती लागलं ते सांगतो.

मिंटच्या सॉफ्टवेअर यादीत 'मॅप्स' म्हणून नोम प्रकल्पाचं अॅप दिसेल. दिसायला सुरेख आहे, पण रस्ता आखायला त्याला नेट लागतंच. केडीईचं 'मार्बल' नेटशिवाय रस्ता काढू शकतं, पण त्यासाठी लागणाऱ्या तयार फाइली जुन्या आहेत. आपल्याकडे दर वर्षी नवे पूल उभे राहतात, तिथे जुना नकाशा म्हणजे घात.

कामाची निघाली ती ही:

'ऑरगॅनिक मॅप्स'. फोनवर बऱ्याच जणांना माहीत आहे, पण फ्लॅटहब या लिनक्स अॅपच्या साइटवरून लिनक्सवरही बसतं. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की नेट काढून टाका, रस्ता निघतो. फोनच्या मानाने सोयी कमी आहेत, आणि थांबे आपण देऊ त्याच क्रमाने घेतं.

'क्यूमॅपशॅक'. हे माझं आवडतं. सुरुवातीला डोकं धरायला होतं, बटणांची गर्दी आहे. पण यात 'रूटिनो' नावाचं इंजिन, म्हणजे रस्ता शोधून देणारा प्रोग्राम, आतच आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी भरलेल्या खुल्या नकाशाची कच्ची फाईल दिलीत की ते आपला रस्त्यांचा डेटाबेस बनवतं आणि मग नेटची गरज उरत नाही. रूटिनोला मोटार, छोटी मालगाडी, अवजड मालगाडी असे वेगळे प्रकार कळतात, वजन आणि उंचीची मर्यादाही कळते. आखलेला रस्ता जीपीएक्स फाईल म्हणून काढून ड्रायव्हरच्या फोनवर टाकता येतो.

'नॅव्हिट'. गाडीत लावायचं म्हणूनच बनवलेलं आहे, बोलून वळणं सांगतं. पण सगळी मांडणी एका लांबलचक फाइलीत हाताने लिहावी लागते. भाचा हौशी असेल तरच.

आणि 'प्युअर मॅप्स'. हे त्याच्या जोडीच्या 'ओएसएम स्काउट सर्व्हर'बरोबर बसवायचं. सर्व्हर म्हटल्यावर घाबरू नका, तो तुमच्याच लॅपटॉपवर मागे चालतो. हवा तो प्रदेश उतरवून घ्यायचा. गाडी चालू असताना वापरायला मला हेच सगळ्यात सोपं वाटलं.

तुमच्या दोन गरजा वेगळ्या आहेत हे आधी ओळखा. सकाळी ऑफिसात लाईन आखणं हे एक काम, आणि घाटात क्लीनरने 'आता डावीकडे' सांगणं हे दुसरं. दोन्हीसाठी एकच सॉफ्टवेअर शोधत बसलात तर माझ्यासारखे तीन महिने जातील.

शिळफाटा_रोजचा | रविवार, सकाळी १०:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. मी १२ वर्षं कळंबोली ते भिवंडी ट्रेलर चालवतोय. नेटशिवायचा नकाशा तुम्हाला रस्ता सांगेल, पण शिळफाट्याला आत्ता काय चाललंय ते सांगणार नाही. मुंब्रा बायपासवर एक गाडी बंद पडली की महापेपर्यंत रांग लागते. घोडबंदरला गायमुखपाशी रस्त्याचं काम निघालं की कापूरबावडीला तास जातो. अशा वेळी नेट असलेला फोनच उपयोगाचा. लॅपटॉप म्हणेल ४० मिनिटं, लागतील तीन तास.

नकाशावेडी | रविवार, सकाळी ११:१०

शिळफाटा दादा, शहरातल्या गर्दीबद्दल तुमचं अगदी खरं आहे. पण ताईंचा माल फुकट गेला तो घाटापलीकडे, आणि तिथे गर्दीचा प्रश्न नव्हता. तिथे रस्ताच माहीत नव्हता.

मला दुसरं एक सांगायचंय, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पेंग्विनदादांनी सांगितलेली ही सगळी सॉफ्टवेअरं एकाच विहिरीचं पाणी पितात. ती विहीर म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये हे काम सुरू झालं, आणि आज जगभरची माणसं त्यात आपापल्या गल्लीतले रस्ते भरतात. विकिपीडियासारखंच. मी गेली सहा वर्षं कोपरी, नौपाडा, वागळे इस्टेट भरतेय. संध्याकाळी चालायला जाते आणि येताना दुकानं, एकदिशा रस्ते, दुभाजकातली फट टिपून आणते.

म्हणजे तुमच्या आयशरला एखाद्या रस्त्यावर बंदी असेल आणि ती कोणी नकाशात लिहिलेली नसेल, तर जगातलं कुठलंही इंजिन आणा, ते तुम्हाला तिथूनच नेणार. उलट तुम्ही ती एकदा लिहिलीत, की सगळ्या सॉफ्टवेअरांना कळते.

घरच्या घरी एक परीक्षा घ्या. पाम बीच रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी आहे हे नवी मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. इंजिनाला 'अवजड' प्रकार द्या आणि वाशी ते बेलापूर रस्ता विचारा. त्याने सायन-पनवेल धरला तर नकाशा आणि इंजिन दोन्ही जागेवर आहेत. पाम बीचवर घातलं तर कुठेतरी गडबड आहे. तसंच दुचाकी प्रकार देऊन शिवडी ते चिर्ले विचारा. अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, तेव्हा त्याने खाडीला वळसा घालायला हवा. मी प्रत्येक नवीन सॉफ्टवेअर आधी अशा माहितीतल्या रस्त्यांवर तपासते, मगच अनोळखी रस्त्यासाठी विश्वास टाकते.

कच्ची फाईल 'जिओफॅब्रिक' नावाची जर्मन मंडळी रोज ताजी करून फुकट देतात. भारताची अख्खी फाईल १ जीबीच्या वर जाते. तुम्ही फक्त पश्चिम विभाग घ्या, त्यात महाराष्ट्र, गुजरात, गोवा येतो. जुन्या लॅपटॉपला तेवढा झेपेल.

वर्तकनगरची_मृणाल | रविवार, दुपारी १२:४५

नकाशावेडी, कोपरीच्या रेल्वेपुलाचे नवे जोडरस्ते तुम्ही भरलेत का? कोणीतरी फार बारकाईने भरलेत ते. मनापासून धन्यवाद, माझ्या बाबांना दवाखान्यात नेताना त्यांचा उपयोग झाला.

नकाशावेडी | रविवार, दुपारी १:०२

त्यातला काही भाग माझा, बाकी इतरांचा आहे. वाचून डोळे भरून आले, खरंच.

तात्या_कळवेकर | रविवार, दुपारी ४:२०

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, आता निवृत्त. संगणकातलं मला कळत नाही, नातू हे टाइप करून देतोय. पण माळशेजचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

कल्याण सोडलं की मुरबाड, सरळगाव, टोकावडे, मोरोशी आणि मग घाट. पूर्वी हा २२२ क्रमांकाचा महामार्ग होता, आता ६१ म्हणतात. मोरोशी सोडलं की एकीकडे कडा आणि एकीकडे दरी. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. दरड येते ती बहुतेक जुलै-ऑगस्टात. त्या दिवसांत आम्ही टोकावड्याला थांबून वरून खाली आलेल्या गाडीच्या चालकाला विचारत असू, 'वर कसं आहे?' त्याने हात हलवला तरच पुढे.

माझ्याकडे एक वही होती. प्रत्येक मार्गासाठी एक पान. कुठे पाण्याची सोय, कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा, कुठला साकव अरुंद, कुठे रात्री गुरं बसतात. नवीन चालक आला की मी त्याला ती वही उतरवून घ्यायला लावायचो. ताई, तुमच्या ड्रायव्हरला अशी वही करायला सांगा. लॅपटॉप जरूर घ्या, पण बंद पडला तर वही पडत नाही.

ऐरोलीचा_अनि | रविवार, दुपारी ४:३१

तात्या, ती वही अजून आहे का तुमच्याकडे?

तात्या_कळवेकर | रविवार, संध्याकाळी ६:००

आहे. पहिली दोन पानं वाळवीने खाल्ली, बाकी शाबूत.

घणसोली_कोडर | रविवार, रात्री ९:१५

तात्या, त्या वहीचे फोटो काढून ठेवा, ही कळकळीची विनंती.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, थांब्यांचा क्रम. इथे वर कोणी फारसं बोललं नाही, आणि खरा वेळ वाचतो तो इथेच.

अ पासून ब पर्यंत कमीत कमी वेळाचा रस्ता काढणं यंत्राला सोपं आहे. त्याची मूळ रीत डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये छापली, पुढच्यांनी तिला वेग दिला. पण १० दुकानं कुठल्या क्रमाने घ्यायची, याच्या ३६,२८,८०० तऱ्हा होतात. २० दुकानांच्या तऱ्हा मोजायला गेलात तर आकड्यात १९ अंक येतात. म्हणून तिथे यंत्रसुद्धा सगळं तपासत नाही, चांगल्यापैकी उत्तर शोधतं आणि थांबतं.

'ओएसआरएम' नावाचं फुकट इंजिन आहे. ते लॅपटॉपवर चालतं आणि त्यात 'ट्रिप' ही सोय आहे. १० पेक्षा कमी थांबे असले तर ते सगळ्या तऱ्हा तपासून उत्तम क्रम देतं. १० किंवा जास्त असले तर अंदाजाच्या रीतीने लावतं. तुमच्या ठाणे लाईनला तेवढं पुरेल.

पण तुम्हाला तीन गाड्या आहेत, प्रत्येकीची क्षमता वेगळी, आणि काही बेकऱ्या 'सकाळी ९ च्या आतच माल द्या' म्हणत असणार. त्यासाठी 'व्हरूम' पाहा. हेही फुकट आणि खुलं. गाड्या, त्यांची क्षमता, प्रत्येक थांब्याची वेळेची खिडकी, माल उतरवायला लागणारी मिनिटं, हे सगळं एका फाइलीत लिहून दिलं की कुठला माल कुठल्या गाडीत आणि कोणत्या क्रमाने ते सांगतं. व्हरूमकडे स्वतःचा नकाशा नसतो, ते ओएसआरएम किंवा 'व्हॅलहाला' या दुसऱ्या इंजिनाला अंतरं विचारतं. ठाणे शहरात ठराविक वेळांना अवजड गाड्यांना प्रवेशबंदी असते, तीसुद्धा आयशरच्या थांब्यांच्या वेळेच्या खिडकीत बसवता येते.

आयशरसाठी मी व्हॅलहाला सुचवेन. त्यात ट्रक हा प्रकार तयार आहे आणि उंची, रुंदी, वजन आपण देऊ शकतो. एक काळजी घ्या. काही दिलं नाही तर ते ४.११ मीटर उंच आणि २१.७७ टनी ट्रक धरून चालतं. तुमचा १४ फुटी त्याच्यापुढे लहान आहे. आपले आकडे दिले नाहीत तर जिथून गाडी आरामात जाते तो रस्ताही ते टाळेल आणि उगाच डिझेल जाळाल. शिवाय दरड आली, रस्ता बंद झाला, तर नकाशावर तेवढा तुकडा आखून 'इथून नको' असं त्याला सांगता येतं.

पश्चिम विभागाची फाईल घेऊन सगळं तयार व्हायला माझ्या साध्या मशीनवर पाऊण तास लागला होता. ८ जीबीत होईल. अख्खा भारत करायला जाऊ नका.

सानपाडा_सुहास | रविवार, रात्री १०:४०

एवढं सगळं बसवायला संगणकाची पदवी लागेल. साधा माणूस काय करणार? ताईंनी एक बटण मागितलंय, तुम्ही कारखाना देताय.

घणसोली_कोडर | रविवार, रात्री ११:०५

सुहासदादा, पटलं. म्हणून सांगतो, आधी ऑरगॅनिक मॅप्स बसवा आणि दोन आठवडे वापरा. १५ मिनिटांचं काम आहे. कारखाना नंतर. तो मी ताईंच्या भाच्याबरोबर बसून लावून देईन, घणसोली ते रबाळे रेल्वेचं एकच स्टेशन आहे.

वर्तकनगरची_मृणाल | सोमवार, सकाळी ९:३०

एक इशारा द्यायचाय. आम्ही गेल्या दिवाळीत मुरुडहून श्रीवर्धनला निघालो होतो, लॅपटॉपवर आखलेला रस्ता घेऊन. त्याने आगरदांड्याला आणून सोडलं आणि समोर पाणी. दिघीला जाणारी जेट्टीवरची फेरीबोट त्याने रस्ता म्हणूनच धरली होती, आणि आम्ही पोचलो तेव्हा शेवटची बोट गेली होती. मागे येऊन म्हसळ्याकडून फिरावं लागलं, मुलं झोपून गेली. दाभोळ-धोपावे, भाऊचा धक्का-मांडवा, सगळीकडे हेच होऊ शकतं. कुठलंही सॉफ्टवेअर असो, 'फेरी टाळा' ही खूण आधी करा.

शिळफाटा_रोजचा | सोमवार, दुपारी १:१५

हे फार कामाचं सांगितलंत. आयशर घेऊन रात्री जेट्टीवर उभं राहणं काय असतं ते मी पाहिलंय. वळवायलाही जागा नसते.

आणि ताई, लॅपटॉप ड्रायव्हरने पाहायचा नाही हे पक्कं ठरवा. चालवताना हातात उपकरण धरून वापरणं २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. रस्ता पाहण्यापुरती ऑक्टोबर २०२० पासून नियमात मुभा आहे, पण लक्ष विचलित होता कामा नये ही अट आहेच. क्लीनरने पाहावं आणि तोंडाने सांगावं. एकटा ड्रायव्हर असेल तर थांबून पाहावं.

ऐरोलीचा_अनि | सोमवार, दुपारी २:००

पण लॅपटॉपला आपण कुठे आहोत ते कळणार कसं? त्यात जीपीएस नसतं ना? आणि घाटात नेट नसेल तर जीपीएस तरी चालेल का?

पेंग्विनदादा | सोमवार, संध्याकाळी ७:२०

अनि, हा गैरसमज खूप जणांना असतो. जीपीएसला नेट लागत नाही. ते उपग्रहांकडून थेट येतं. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला.

यूएसबीला लावायचा जीपीएस रिसीव्हर मिळतो, काडेपेटीएवढा, खाली लोहचुंबक. आत यू-ब्लॉक्सची चिप असलेला घ्या. लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. 'जीपीएसडी' हा प्रोग्राम टाकायचा, तो ती माहिती नकाशाच्या सॉफ्टवेअरला पुरवतो. पहिल्यांदा लावलं की दोन ठिकाणी अडतं. एक, आपल्या यूजरला 'डायलआउट' गटात घालावं लागतं. दुसरं, मॉडेम मॅनेजर नावाची सेवा कधी कधी त्या रिसीव्हरलाच मॉडेम समजून धरून बसते, ती बंद करायची. माझे दोन रविवार यात गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

रिसीव्हर केबिनच्या छपराखाली ठेवू नका, काचेपाशी ठेवा. घाटात कड्याच्या बाजूला उपग्रह कमी दिसतात, तेव्हा जागा थोडी सरकलेली दिसेल. घाबरायचं नाही.

रबाळे_गोदाम | सोमवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे किती आभार मानू! आज दुपारी ऑरगॅनिक मॅप्स बसवलं. नेटची वायर काढली, रबाळे ते ओतूर विचारलं, आणि रस्ता निघाला! ड्रायव्हरला बोलावून दाखवलं. त्याने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, 'ताई, मी इथून चुकलो होतो.'

एक अडचण आहे. बेकऱ्यांचे पत्ते टाकले तर सापडत नाहीत. आमचे पत्ते असे असतात: 'दत्त मंदिरासमोर, पिठाच्या गिरणीच्या बाजूला, मुरबाड.' आता याचं काय?

नकाशावेडी | मंगळवार, सकाळी ७:५०

पत्ता शोधत बसूच नका. प्रत्येक गिऱ्हाइकाचे अक्षांश-रेखांश एकदा टिपून घ्या. ड्रायव्हरने दुकानाच्या दारात उभं राहून फोनवर आपली जागा पाहायची आणि आकडे लिहून आणायचे. त्यालाही नेट लागत नाही. मग लिब्रेऑफिसच्या तक्त्यात बेकरीचं नाव, दोन आकडे, उघडायची वेळ, आणि एक रकाना 'खुणा' म्हणून. तो रकाना म्हणजे तात्यांची वही. 'मागच्या बाजूने गाडी लावा', 'गुरुवारी आठवडी बाजार, रस्ता बंद', असं.

तुमचा हा तक्ता कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचा आहे. उद्या इंजिन बदललंत तरी तक्ता तुमचाच राहील. कोडरदादांच्या व्हरूमलाही हेच आकडे लागणार.

तात्या_कळवेकर | मंगळवार, सकाळी ११:००

खुणांचा रकाना. हे आवडलं.

सानपाडा_सुहास | मंगळवार, रात्री ९:००

मी सायकलवाला आहे, त्यामुळे 'बीराउटर' या रस्ता काढणाऱ्या इंजिनाबद्दल थोडं. जावावर चालतं, क्यूमॅपशॅकला जोडता येतं, मोटारीसाठीही वापरता येतं. त्याच्या फाइली ५ अंश बाय ५ अंशाच्या चौकोनांत असतात. ठाणे, पुणे, कोल्हापूर एकाच चौकोनात येतात, ई७०-एन१५. पण रेखांश ७५ ओलांडला की फाईल बदलते. मी सोलापूरला निघालो होतो आणि रस्ता मध्येच तुटत होता, शेजारची ई७५-एन१५ घेतल्यावर लागला. नाशिकच्या वर जाणाऱ्यांनी ई७०-एन२० घ्यावी.

ऐरोलीचा_अनि | बुधवार, सकाळी ८:४०

हे सगळं मराठीत बोलतं का? आमच्याकडचा ड्रायव्हर इंग्रजी आवाज बंद करून टाकतो.

पेंग्विनदादा | बुधवार, दुपारी १:३०

'ईस्पीक एनजी' या फुकट वाचकयंत्राला मराठी येतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, पण गावांची नावं इंग्रजी आवाजापेक्षा बरी म्हणतो. नावं देवनागरीत दिसावीत म्हणून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावाचा वेगळा रकाना आहे. जिथे तो रिकामा आहे तिथे इंग्रजीच दिसतं. ठाण्याकडची मोठी नावं भरलेली आहेत, पाडे आणि वाड्या बऱ्याच बाकी आहेत.

वर्तकनगरची_मृणाल | बुधवार, दुपारी २:१०

पाडे मी भरते. येऊरपासून सुरुवात करते, तिथल्या शाळेत शिकवते मी. मुलांना विचारून नीट लिहीन.

नकाशावेडी | बुधवार, दुपारी २:१५

मृणाल, तुम्ही या आठवड्यात सर्वांत मोठं काम हातात घेतलंत.

घणसोली_कोडर | दुसरा रविवार, संध्याकाळी ६:३०

आज रबाळ्याला जाऊन आलो. ताईंचा भाचा हुशार आहे. दोघांनी मिळून व्हॅलहाला आणि व्हरूम बसवलं, आणि तक्त्यातून थेट फाईल बनवणारी छोटी पायथन स्क्रिप्ट त्याने स्वतः लिहिली. ताईंना एकच बटण दिसतं. सुहासदादा, हे तुमच्यासाठी. ठाणे लाईनचे १८ थांबे टाकले, क्रम दोन-तीन सेकंदांत आला. ताईंच्या ड्रायव्हरने क्रम पाहिला आणि एकच थांबा बदलला: कळव्याची एक बेकरी त्याने आधी घेतली, कारण तिथला मालक ८ वाजता नमाजाला नाही तर नाश्त्याला कुठेतरी जातो आणि तासभर येत नाही. ही गोष्ट नकाशात कुठून असणार? तक्त्यात वेळेची खिडकी लिहिली, पुन्हा चालवलं, आणि यंत्रानेही कळवा आधी घेतलं.

रबाळे_गोदाम | तिसरा शुक्रवार, रात्री ९:२०

धाग्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं, माफ करा. आता आमचं असं ठरलंय. सकाळी ऑफिसात भाच्याचं बटण. लांबच्या लाईनला लॅपटॉपवर प्युअर मॅप्स आणि यूएसबीचा रिसीव्हर, क्लीनर पाहतो. ठाणे-मुंब्र्याला नेटवाला फोनच, शिळफाटा दादांचं ऐकून. ओतूर लाईन दोनदा नीट झाली. त्या नाराज बेकरीवाल्याकडे मी स्वतः गाडीत बसून गेले होते, त्यांनी पुढच्या महिन्याची ऑर्डर दिली.

कर्जत लाईनवर एक रेल्वेखालची मोरी आहे. पहिल्या दिवशी यंत्राने आयशरला तिथूनच घातलं. ड्रायव्हरला माहीत होतं म्हणून तो वळला. फलकावर उंची २.७ मीटर लिहिलेली आहे, आमची बॉडी ३ च्या वर. हे नकाशात कसं घालायचं?

नकाशावेडी | तिसरा शुक्रवार, रात्री ९:४५

फलकाचा फोटो काढून ठेवलाय का? असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा, मोरीखालचा रस्त्याचा तुकडा निवडा, 'कमाल उंची' या रकान्यात २.७ लिहा. स्वतः मोजलेलं नाही, फलकावरचंच लिहायचं. बदल साठवताना 'फलकावरून' अशी नोंद करा. अडलं तर मला निरोप पाठवा, मी जागी आहे.

रबाळे_गोदाम | तिसरा सोमवार, सकाळी ६:५०

शुक्रवारी रात्रीच लिहिलं. काल ताजी फाईल उतरवून भाच्याने सगळं पुन्हा बनवलं. आज कर्जत लाईन टाकली: आयशरला यंत्र फाटकावरून फिरवून नेतंय, छोटा हत्ती मोरीखालूनच काढतंय. गाड्या आत्ताच सुटल्या.